पेव्हरचा साचा घरी करायचा तर प्लायचा की सिलिकॉनचा?

गेटपासून बोअरपर्यंत आमच्याकडे 40 फूट लांब अन 2 फूट रुंद पायवाट करायची होती, म्हणजे फूट बाय फूटचे 80 पेव्हर. विकतचे लावले असते तर एका दिवसात काम संपलं असतं, पण आजोबांच्या वाड्यातली शहाबादी फरशीची एक लादी माझ्याकडे पडून होती आणि तसंच अंग असलेले पेव्हर हवे होते. ते कुठं मिळेनात. मग 40 प्लायच्या साच्यात ओतले, 40 सिलिकॉनच्या. आता पायवाटेची डावी रांग प्लायची आणि उजवी सिलिकॉनची आहे, त्यामुळं तुलना रोज पायाखालीच असते.

रेडिमेड प्लास्टिकच्या साच्याबद्दल आधीच सांगून टाकतो. ठरलेली डिझाईन चालत असेल तर तेच घ्या, बाकी वाचायची गरज नाही. मी दोन वापरून पाहिले. नागपूरच्या मे महिन्यात साचा थोडा उन्हात ठेवला की नरम पडतो आणि पेव्हर टपकन निघतो, हे मस्तच. पण तोच साचा गच्चीवर विसरलात तर वाकडा होऊन बसतो.

आता प्लाय. मी 12 एमएमचा शटरिंग प्लाय घेतला, तो काळसर चकचकीत येतो ना तो. एका शीटच्या उरलेल्या तुकड्यांत 6 साचे झाले, खर्च जवळपास शून्य. कडा अगदी सरळ येतात, पेव्हरला पोट येत नाही, आणि खालून रबरी हातोड्यानं ठोकलं की हवा भराभर वर येते. प्लायचा हा फायदा खरंच मोठा आहे, कारण सिलिकॉनला ठोकलं तर तो धक्का रबरच खाऊन टाकतो. सिलिकॉनमध्ये मी आधी ब्रशनं सिमेंटचा घोळ कोपऱ्यांत चोपडायचो आणि मगच माल भरायचो, तरी काही पेव्हरांच्या कडेला बारीक छिद्रं राहिलीच.

मग अडलं कुठं? स्क्रूमध्ये. चारही कोपरे उघडायची गरज नसते, समोरासमोरचे दोन उघडले की पुरतं, तरी साचामागे 4 स्क्रू, म्हणजे 6 साच्यांचे 24 काढा आणि 24 परत लावा. ऐकायला काहीच नाही वाटत. पण मी ऑफिसला जायच्या आधी सकाळी सहाला हे करून राहिलो होतो, आणि चौथ्या दिवसापर्यंत प्रत्येक स्क्रूच्या डोक्यात सिमेंट भरून दगड झालेलं, ड्रिलचा बिट नुसता घसरून राहिला, मग खिळ्यानं खरवडा, मग परत ड्रिल, आणि त्या आवाजानं शेजारचे काका बाल्कनीत येऊन उभे, काही बोलायचे नाहीत, फक्त बघायचे. बरं, त्याच भोकात रोज स्क्रू फिरवला की भोक मोठं होतं. पाचव्या दिवशी कोपरा ढिला, त्यातून पाणी आणि सिमेंट गळालं, आणि पेव्हरच्या त्या कोपऱ्यात नुसती गिट्टी दिसायला लागली. कापलेल्या कडेतून पाणी शिरून प्लाय फुगला ते वेगळंच, तिथं आधी ऑइलपेंट मारायला हवा होता, ती चूक माझी. कड्या लावूनही पाहिल्या, त्यांच्या सांध्यात चुरी अडकली.

तेलाचंही बोलून घेतो. प्लायला प्रत्येक वेळी तेल लागतंच. साईटवर सर्रास इंजिनचं जळकं ऑइल मारतात, मीही मारलं, माझ्या पहिल्या सहा पेव्हरांवर काळे ढग आहेत. शिवाय त्या चकचकीत प्लायला लागून आलेलं तोंड काचेसारखं गुळगुळीत येतं, पावसात शेवाळ धरलं की माणूस आडवाच. म्हणून पुढं मी वरची बाजू खराट्यानं खरबरीत केली आणि तीच तोंड म्हणून वापरली.

आता सिलिकॉन. यात पातळ सिलिकॉन रबर लादीवर ओतायचं, ते घट्ट झालं की लादीचा ठसा असलेला साचा तयार. त्याचं पहिलं दुखणं पैशाचं. फूट बाय फूट, 50 एमएम जाडीच्या पेव्हरला भोवती आणि तळाला दीड सेंटीमीटर रबर धरलं तर एका साच्याला 3 किलोच्या आसपास लागतं. मला किलोला 700 रुपये पडले, म्हणजे साच्याला दोन हजारांवर. म्हणून तीनच केले, आणि तीन साच्यांत 40 पेव्हर ओतायला दोन आठवडे गेले. प्लायचे आठवड्यात झाले होते, हे कबूल करायलाच हवं. दुसरं असं की लादी सच्छिद्र असते, तिला आधी मेणाचं पॉलिश दोन-तीनदा घासून लावलं नाही तर रबर तिच्यातच रुतून बसतं. आणि हार्डनरचं, म्हणजे रबर घट्ट करणाऱ्या रसायनाचं, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं ते साधारण 25 डिग्रीचं, आपल्याकडे मेमध्ये दुपारी तो माल भांड्यातच घट्ट होतो. मी पहाटे पाचला ओतला, उंचावरून बारीक धार धरून, म्हणजे बुडबुडे फुटतात.

अजून एक. नुसता सिलिकॉनचा साचा ओल्या मालाच्या वजनानं फुगतो. एक पेव्हर 10-11 किलोचा, बाजूंना पोट येतं आणि मग मांडताना फटी पडतात. त्यामुळं बाहेरून प्लायचा डबा लागतोच. तुम्ही म्हणाल, मग प्लायच वापर ना बा! पण फरक इथंच आहे. हा डबा म्हणजे प्लायचे दोन काटकोनी तुकडे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेले. स्क्रू नाहीत. सांधा थोडा उघडा राहिला तरी बिघडत नाही, कारण माल अडवायचं काम आतलं रबर करतं, डबा फक्त आधार देतो. प्लायचा मूळ साचाही ट्यूबनं बांधून पाहिला होता, सगळं पाणी कोपऱ्यांतून गळालं. इथं सकाळी पट्टी ओढायची, डबा बाजूला, साचा उलटा करून कडा मोज्यासारखी सोलायची. तिन्ही मिळून पाच मिनिटं, आणि काका झोपलेले. तेलही लागलं नाही. तोंडावर लादीच्या पापुद्र्यांसकट सगळं उमटलं, एका कोपऱ्यात तिच्यावरचा टाकीचा घाव होता तोही.

सिमेंट मात्र रबराला हळूहळू खातं. त्यानंतर त्याच साच्यांत अंगणासाठी अजून ओतले, तर आता आतली चमक गेली आहे आणि मी तेलाचा हलका हात फिरवतो. अजून फाटलेला एकही नाही. माझ्या हाताला तरी सिलिकॉन बरा बसला, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

साचा कोणताही घ्या, तीन गोष्टी सुटत नाहीत. बाजारातला 50 एमएमचा पेव्हर एम-30 ग्रेडचा (ही काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) धरतात, घरच्या 1:1:2 (सिमेंट, वाळू, गिट्टी) मालाचा तेवढा भरवसा देता येत नाही, म्हणून यावर गाडी चढवू नका. आणि पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरलं तर आपल्या उन्हाळ्यात निदान 14 दिवस ओलं ठेवा, मी जुन्या कूलरच्या टाकीत बुडवून ठेवले होते. खालच्या काळ्या मातीचं तर तुम्हाला माहीतच आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती काढून मुरूम दाबल्याशिवाय मांडायला घेऊ नका.

पंधरा-वीस साधेच पेव्हर हवे असतील तर दोन हजाराचं रबर ओतणं जरा जास्तच होईल, प्लायनं भागवा. फक्त स्क्रूच्या डोक्यांवर रोज ग्रीस थापा, ड्रिलची दुसरी बॅटरी ठेवा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.