जुना टूटू घेताना : लांब घेराचा की आडव्या घेराचा?

रंगमंचावर खरोखर वापरला गेलेला जुना टूटू, म्हणजे बॅले नर्तकीचा जाळीच्या घेराचा पोशाख, विकत घेण्यासाठी बॅलेच्या चाहत्याने एखादा दिवस राखून ठेवला असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच त्याने एक गोष्ट ठरवलेली असावी : आपल्याला पोटरीपर्यंत उतरणारा रोमँटिक टूटू हवा आहे, की कमरेखालून आडवा पसरणारा क्लासिकल टूटू? या दोहोंची बांधणी निराळी असते, ते बिघडतात निराळ्या रीतीने आणि घरी त्यांना लागणारी जागाही निराळी असते. मन न ठरवता गेलेला ग्राहक बहुधा जाळीच्या देखणेपणावर भाळतो, आणि जुन्या टूटूमध्ये सर्वांत कमी भरवशाचा भाग जाळी हाच असतो. जाळी बदलता येते, पण बॉडिस, म्हणजे वरचा घट्ट शिवलेला भाग, एकदा गेला की पोशाखच गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोमँटिक टूटूचे कुळ 1832 मध्ये पॅरिस ऑपेरात मारी ताल्योनी या नर्तकीने ‘ला सिल्फीद’ या बॅलेत घातलेल्या पांढऱ्या, घंटेच्या आकाराच्या पोशाखाशी जोडले जाते, आणि 1841 च्या ‘जिझेल’ या बॅलेच्या दुसऱ्या अंकाने ते रूप कायमचे रुजवले. त्या काळचे घेर हलक्या, झिरझिरीत सुती कापडाचे असत आणि रंगमंचावर गॅसचे दिवे जळत असत. 1862 मध्ये पॅरिस ऑपेरातच तालमीच्या वेळी एमा लिव्री या तरुण नर्तकीच्या घेराने पेट घेतला आणि पुढच्या वर्षी तिचा मृत्यू झाला. त्या काळातले जे थोडे पोशाख टिकले, त्यांतले महत्त्वाचे संग्रहालयांत आहेत, त्यामुळे बाजारात ‘रोमँटिक’ म्हणून समोर येणारा टूटू विसाव्या शतकातला आहे असे धरूनच त्याची पारख करावी.

या प्रकारात फसगतीची शक्यता अधिक असते. जाळीचे थर लावलेला जुना परकर किंवा समारंभी झग्याच्या आतला घेर, वरचा भाग जोडून, टूटू म्हणून सहज खपून जातो. रंगमंचासाठी शिवलेल्या पोशाखाच्या खुणा मात्र आतल्या बाजूला सापडतात : कमरेवर ताण पेलणारी मजबूत आतली पट्टी, एकाच बाजूला शेजारी शेजारी शिवलेल्या हुकांच्या दोन-तीन रांगा, खांद्याच्या बंदांना नंतर जोडलेले इलॅस्टिक आणि अस्तरावरच्या फितीवर शाईने लिहिलेली, कधी खोडून पुन्हा लिहिलेली नर्तकींची नावे. हुकांच्या अनेक रांगा असतात, कारण एकच पोशाख वेगवेगळ्या अंगलटीच्या नर्तकींना बसवावा लागतो. जुन्या टूटूला चेन असेल तर ती कोणी आणि केव्हा लावली, हे विचारावे. प्रयोगाच्या मध्यात चेन अडकली तर पोशाख बंदच होत नाही, हुक मात्र दोन टाक्यांत बदलता येतो, म्हणून नाट्यगृहांचे शिंपी पूर्वीपासून हुकांवरच विसंबत आले आहेत.

क्लासिकल टूटूच्या बाबतीत अशी गफलत जवळजवळ होत नाही, कारण तशी बांधणी दुसऱ्या कोणत्याच वस्त्राची नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायांचे काम अधिक अवघड झाले, ते प्रेक्षकाला दिसावे म्हणून घेर आखूड होत गेला, आणि पुढे तो नितंबांच्या पातळीवर थाळीसारखा आडवा झाला. चुण्या घातलेल्या जाळीचे दहा-बारा थर चड्डीवर एकाखाली एक शिवलेले असतात. वरचा थर सर्वांत रुंद असतो, खालचे क्रमाने आखूड होत जातात आणि सैल टाक्यांनी ते एकमेकांना बांधलेले असतात. अनेक टूटूंच्या एखाद्या थरात पोलादी तारेचे कडे ओवलेले असते. ते गंजले असेल तर जाळीवर तांबूस डाग उमटतात, आणि वाकले असेल तर घेर एका अंगाला कलतो. तार नाही म्हणून पोशाख अपुरा आहे असे मात्र समजू नये : पोशाखकार बार्बरा कारिन्स्काने 1950 मध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलंशिनच्या नृत्यरचनेसाठी बिनतारेचा, आखूड आणि फुललेला टूटू घडवला आणि त्याचे अनुकरण सर्वत्र झाले.

आता बॉडिस पाहावा, आणि तो उलटा करूनच पाहावा. चांगला बॉडिस अनेक उभ्या तुकड्यांचा असतो, त्याला आतून जाड, घट्ट विणीचे सुती अस्तर असते आणि शिवणींत भरपूर माया, म्हणजे उसवून वाढवता येईल असे जादा कापड, सोडलेली असते. कारिन्स्काच्या पद्धतीत बाजूचे तुकडे उरेब, म्हणजे विणीला तिरके, कापलेले असतात, त्यामुळे श्वास घेताना कापड अंगाबरोबर ताणले जाते. काखेतले घामाचे डाग रंगमंचावरच्या वापराचा पुरावा आहेत आणि ते कोणत्याही टूटूत असणारच, पण घामाने रेशीम कमकुवत होते, म्हणून तिथले कापड बोटाने हलकेच दाबून पाहावे. वरचे रेशीम फाटलेले असूनही अस्तर शाबूत असेल, तर खालून आधार देऊन ते टिकवता येते. अस्तरच विरले असेल तर तो टूटू सोडून द्यावा, वरचे भरतकाम कितीही मोहक असले तरी. शतकापूर्वीच्या काही रेशमांना वजन यावे म्हणून धातूंचे क्षार दिलेले असत. असे रेशीम घडीवर चिरत जाते आणि त्यावर उपाय नाही.

जाळीबद्दल थोडक्यात एवढेच की, खळ दिलेली सुती जाळी दमट हवेत बसते, तर दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेली नायलॉनची जाळी ताठ राहते, पण काळाने पिवळी पडते. टिकल्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या असतील तर त्यांना पाणी अजिबात लावू नये, कारण त्यांतल्या काही जिलेटिनच्या असतात आणि पाण्याने विरघळतात.

अंगावर घालून पाहायची इच्छा असणाऱ्याने महायुद्धानंतरचा, नायलॉनचा आणि शिवणीत माया असलेला टूटूच घ्यावा. क्लासिकल टूटूत बॉडिस आणि चड्डी बहुधा एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे छाती आणि कमर जुळूनही धडाची लांबी कमी पडली तर तो बसत नाही. म्हणून खांद्यावरून पायांमधून पुन्हा खांद्यापर्यंतचे माप आधीच घेऊन जावे. रोमँटिक टूटू या बाबतीत अधिक सोसणारा असतो. केवळ जतन करायचा असेल, तर माझा कौल निःसंशय क्लासिकलला आहे, कारण त्यात शिंप्याचे कौशल्य अधिक उघडपणे वाचता येते. एक अडचण मात्र खरी आहे : तो आडवाच ठेवावा लागतो आणि त्याला सुमारे मीटरभर रुंदीची सपाट जागा लागते. रोमँटिक टूटू लांबट पेटीत, आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घड्यांत घालून मावतो. खांद्याच्या बंदांवर मात्र दोन्हींपैकी कोणताही टांगू नये, घेराच्या भाराने बॉडिस ओढला जातो.

खरेदीच्या जागांपैकी नृत्यसंस्थेने स्वतःच्या पोशाखखान्यातून काढलेली विक्री मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिथे कोणत्या नृत्यासाठी आणि कोणत्या भूमिकेसाठी पोशाख शिवला, हे सांगणारी माणसे समोर असतात. जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे निवड मोठी असते, पण माहिती ऐकीव असते. लिलावात कागदपत्रे चांगली मिळतात, मात्र तिथे स्पर्धा संग्रहालयांशीही होऊ शकते : सेर्गेई द्यागिलेवच्या ‘बॅले रूस’ या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नृत्यसंस्थेचे पोशाख लंडनला सदबीज या लिलावसंस्थेने लिलावात काढले, तेव्हा 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांतला मोठा संच घेतला. एकाच दिवसात फिरायचे असेल तर पोशाखखान्याची विक्री सकाळी, खिडकीच्या उजेडात पाहावी, कारण पिवळेपणा आणि विरलेली वीण विजेच्या दिव्याखाली लपते. व्यापाऱ्यांकडे त्यानंतर जावे. क्लासिकल टूटू घेतलाच तर तो उलटा, सपाट, गोल पिशवीत न्यावा लागतो, तेव्हा ती पिशवी आणि तो आडवा मावेल असे वाहन यांची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी.