दफनविधीच्या पूर्वनियोजनाची सेवा : करार, ती रात्र आणि त्यानंतरचे दिवस

वडिलांनी वयाच्या 78व्या वर्षी, प्रकृती ठणठणीत असताना, स्वतःच्या दफनाची व्यवस्था आधीच ठरवून ठेवणाऱ्या एका संस्थेशी करार केला, तेव्हा आम्हा तिन्ही भावंडांना ते मुळीच रुचले नव्हते. तीन वर्षांनी त्याच करारावर विसंबून राहण्याची वेळ आली आणि त्यातले काय उपयोगी पडले, कुठे आम्ही अडलो, हे आता अनुभवाने सांगता येते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. मला आढळलेल्या उणिवा अशा कोणत्याही करारात राहून जाऊ शकतात, म्हणून वाचकांनी आपापला करार या दृष्टीने तपासावा, एवढाच माझा हेतू आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पहिली बैठक. सल्लागार बाईंनी शवपेटीचे नमुने दाखवण्याऐवजी वडिलांपुढे तीन रकान्यांचा एक कागद ठेवला : हे करावेच, हे करू नये आणि तुम्हाला जमेल तसे करा. वडिलांनी पहिल्या रकान्यात फक्त दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्यात एक आणि तिसरा रकाना मात्र पानभर भरला. फुले, पेटीचे लाकूड, कोणी बोलावे, किती लोकांना कळवावे, हे सारे त्यांनी आमच्यावर सोपवले होते. पुढे दुःखाच्या भरात 'बाबांना हे आवडले असते का' असा प्रश्न निघाला की तो कागद उघडायचा आणि तिसऱ्या रकान्यात ती गोष्ट सापडली की वाद तिथेच थांबायचा. मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा, हेही बाईंनी आम्हा सर्वांसमक्ष विचारले आणि वडिलांनी थोरला म्हणून माझे नाव न घेता माझ्या बहिणीचे घेतले. त्या क्षणी मला ते लागले होते, हे मी मान्य करतो. परंतु निवड अचूक होती. हा कागद केवळ मृत्युपत्रासोबत ठेवू नका, कारण मृत्युपत्र बहुधा दफन उरकल्यावरच उघडले जाते, असे सांगून त्यांनी त्याच्या प्रती तिघांकडे दिल्या. एवढ्या एका सूचनेसाठीही मी या संस्थेचा ऋणी आहे.

वडील पहाटे तीनच्या सुमारास घरीच गेले. संस्थेचा दूरध्वनी दुसऱ्याच घंटेला उचलला गेला आणि पलीकडच्या व्यक्तीने कसलीही घाई न करता एकेक पायरी सांगितली. आधी डॉक्टरांना बोलवा, मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला हातात आल्याशिवाय देह हलवता येणार नाही, तोवर पापण्या मिटवा आणि हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, कारण काही तासांतच स्नायू ताठरू लागतात आणि पापण्या, जबडा व मान यांवर तो परिणाम सर्वांत आधी दिसतो. त्या वेळी असे स्पष्ट बोलणे कठोर वाटेल अशी माझी समजूत होती, पण हाताला काम मिळाल्याने आम्ही सावरलो.

संस्थेची सर्वांत मोठी चूकही त्याच रात्री घडली. वडिलांनी अर्जात नेत्रदानाच्या चौकटीत खूण केली होती, तरी दूरध्वनीवर त्याचा उल्लेख झाला नाही. आम्ही समजत होतो की नेत्रपेढीला संस्था कळवील. संस्थेचे म्हणणे असे की कळवण्याची जबाबदारी नातेवाइकांची आहे. हे म्हणणे खरे असेलही, कारण नेत्रदानाचे इच्छापत्र भरलेले असले तरी कळवायचे आणि संमती द्यायची ती कुटुंबानेच. पण मग अर्जात ती चौकट ठेवताना तसे ठळकपणे लिहायला हवे होते. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातील पारदर्शक पटल, साधारणतः मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. बहिणीला आठवण झाली तेव्हा तीन तास उलटून गेले होते. तिने पंखा बंद केला, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी सरकवली आणि नेत्रपेढीचे पथक वेळेत पोहोचले. तिला आठवले नसते, तर पहिल्या रकान्यातील दोन इच्छांपैकी एक आमच्या हातून राहून गेली असती.

धाकटा भाऊ दूरदेशी असल्यामुळे दफन दोन दिवस थांबवावे लागले. देह शवागारात 2 ते 4 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो, घरातील वातानुकूलित खोलीने ते साधत नाही. करारात मात्र शवागाराचा एकच दिवस धरलेला होता. दुसऱ्या दिवसाचे पैसे वेगळे पडतील हे संस्थेने आधीच सांगितले, त्यामुळे त्याविषयी माझी तक्रार नाही.

कबरीच्या बाबतीत मात्र करार फार तोकडा ठरला. आदल्या संध्याकाळी दफनभूमीतील खणणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "खड्डा एकासाठी की दोघांसाठी?" त्याच जागी पुढे आणखी एक दफन व्हायचे असेल तर पहिला खड्डाच अधिक खोल घ्यावा लागतो, कारण नंतर ते करता येत नाही. तीन वर्षांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता आणि त्याचे उत्तर आईला दफनभूमीच्या फाटकापाशी उभे राहून द्यावे लागले. ती क्षणभर थांबली आणि "दोघांसाठी," म्हणाली. हा निर्णय तिने शांतपणे, वडिलांशी बोलून घ्यायला हवा होता. ती संधी त्या दोघांची होती आणि ती हुकली, याचे मला अजून वाईट वाटते.

करार करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. आधी भरलेली रक्कम स्वतंत्र विश्वस्त खात्यात राहते की संस्थेच्या रोजच्या व्यवहारात मिसळते, हे विचारावे, कारण संस्था बंद पडली तर सारे त्यावर अवलंबून असते. तसेच मृत्यू दुसऱ्या गावी झाल्यास देह आणण्याची जबाबदारी कोणाची, हेही नोंदवून घ्यावे. आमच्या करारात याबद्दल एक अक्षर नव्हते आणि वडील घरी गेले म्हणूनच आम्ही त्यातून सुटलो.

प्रत्यक्ष दफन नेटके आणि वेळेवर झाले. नंतर मृत्यूची नोंद करताना संस्थेने दाखल्याच्या दहा प्रती घ्यायला लावल्या. त्यांपैकी आठ बँक, विमा आणि निवृत्तिवेतनाच्या कामांत खरोखर लागल्या.

स्मृतिशिळा तीस दिवसांत बसवू, असे करारात होते. परंतु खणलेली माती खचून स्थिर व्हायला सहसा सहा महिने ते वर्ष लागते आणि आमचा खड्डा तर नेहमीपेक्षा खोल, त्यामुळे शिळा पुढे ढकलण्याची विनंती आम्ही केली. संस्थेने ती लेखी मान्य केली असून अर्जातील नेत्रदानाच्या चौकटीखाली सूचना छापण्याचेही कळवले आहे. आईने आता स्वतःसाठी तोच तीन रकान्यांचा कागद मागवला आहे; संस्थेच्या करारावर मात्र तिने अद्याप सही केलेली नाही.