आजी, मावशी की पाळणाघर? घरात तान्हं आणि अडीच वर्षांचं, दोन्ही एकदम असताना

बाळंतपणाची रजा संपायला महिना राहिला की आपली झोप उडते, बाळ गाढ झोपलेलं असलं तरी. आमच्याकडे तेव्हा मोठा अडीच वर्षांचा, धाकटी साडेचार महिन्यांची, घर पुण्यात कोथरूडला, नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला आणि माझं येरवड्याला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, मग मुलांचं काय ठरलं? त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही तिन्ही प्रकार करून बघितले, म्हणून जी आता त्याच जागी उभी आहे तिच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते. एका मुलासाठी केलेला विचार दोघांना लागू पडत नाही. तिन्हीपैकी काहीही बघायला गेलात की एक प्रश्न जरूर विचारा, धाकट्याची शी धुवायला बाथरूममध्ये गेल्यावर मोठा कुठे असतो? आणि दुसरा, ज्या दिवशी ही व्यवस्था कोलमडेल त्या दिवशी काय? सगळं सुरळीत असतं तेव्हा तिन्ही छानच वाटतात हो, फरक कळतो तो मंगळवारी सकाळी साडेसातला मुलं सांभाळायला ठेवलेल्या मावशींचा फोन येतो की आज जमत नाही, तेव्हा.

रजेचं गणित पण बघून घ्या. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. तीन-चार आठवडे आधी घेतले असतील तर परत जाताना बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असतं, आणि वरचं खाणं तर सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करायचं असतं. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे जो कोणी सांभाळणार त्याला काढलेलं दूध नीट हाताळता आलं पाहिजे. साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला ते बाहेर ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवायच्या भानगडीत पडूच नका, काढलं की थेट फ्रिज. गरम करताना वाटी कोमट पाण्यात ठेवायची, मायक्रोवेव्ह नाही, आणि बाळाने उष्टं करून ठेवलेलं पुन्हा दुपारी द्यायचं नाही. हे आजीला सांगायला संकोच वाटतो आणि मावशींना चारदा सांगावं लागतं, पण सांगायचं. अजून एक, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजायला रोज दोन ब्रेक कायद्याने मिळतात, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणं कंपनीवर बंधनकारक आहे. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणींना हे माहीतच नव्हतं. एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको.

आता आजी. माझ्या अहो आई, म्हणजे सासूबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि ते सहा महिने धाकटीचे सगळ्यात सुखाचे होते, यात मला काडीची शंका नाही. मांडीवरची झोप, मऊ भात-तूप, दुपारची तीच ती चिऊकाऊची गोष्ट. मी मीटिंगमध्ये असताना पोटात जो गोळा येतो तो तेव्हा कधी आला नाही. मतभेद झाले ते ठरलेलेच, बाळगुटी, टाळूवर तेल, चाटवायला मध. तेल-काजळावरून मी वाद घातला नाही, फक्त काजळ डोळ्यात न घालता कपाळाला लावायचं ठरलं. मधाबाबत मात्र अजिबात ऐकलं नाही, कारण वर्षाच्या आत मध दिला तर त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत नेलं, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं आणि विषय संपला.

पण एक दिवस मी लवकर घरी आले. दार थोडं उघडं, आत अहो आई खुर्चीत, मांडीवर धाकटी पेंगलेली, आणि त्यांनी एक पाय लांब करून दाराला आतून टेकवून धरलेला, कारण मोठा दर दोन मिनिटांनी लिफ्टकडे पळत होता आणि बाळाला खाली ठेवलं की ते उठत होतं. किती वेळ अशा बसल्या होत्या विचारलं तर म्हणाल्या, अगं आत्ताच. पाऊल पांढरं पडलं होतं त्यांचं. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, त्यांनी कधी तक्रार केली नाही म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे, एक तान्हं आजीवर टाकता येतं, पळतं मूल आणि तान्हं दोन्ही मिळून साठी ओलांडलेल्या बाईवर टाकू नये. त्यांचं गावाकडे घर आहे, भजनी मंडळ आहे, आजोबांची पथ्यं आहेत. आणि त्या आजारी पडल्या तर मुलांसोबत त्यांनाही बघायचं असतं, तो दिवस आपण हिशोबात धरतच नाही.

मग मावशी. फायदा सरळ आहे, दोन मुलं असली तरी पगार एक. पाळणाघरात दोन फी, फार तर दुसऱ्याला थोडी सूट. मुलं घरातच, सकाळी दोघांना तयार करून बाहेर काढायची लढाई नाही, मुलांना सर्दी झाली तरी मावशी येतात. पण हिशोब तेरा पगारांचा धरा, कारण दिवाळीला एक जास्तीचा द्यायचाच, शिवाय एजन्सीकडून घेतलंत तर त्यांचं कमिशन वेगळं. आणि काम आधी स्पष्ट बोला, मुलांचं म्हणजे मुलांचं, त्यांचे कपडे, त्यांचा भात, त्यांची खेळणी. भांडी-फरशी त्यांच्यावरच टाकलीत तर त्या वेळेत मुलं टीव्हीसमोर बसणार, त्यात त्यांचा दोष नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच असं डॉक्टर सांगतात, पण एकट्या बाईला एकाला भरवताना दुसऱ्याला बसवून ठेवायला मोबाईलच सापडतो. आमच्या पहिल्या मावशी मनाने फार चांगल्या, मुलं त्यांना चिकटलेली, पण त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं, पंधरा दिवस म्हणून गेल्या त्या दोन महिन्यांनी आल्या. त्यांनी जायलाच हवं होतं, माझी आई माझ्यासाठी तशीच आली होती. फक्त माझ्या रजा त्यात संपल्या.

आधार कार्डाची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशन, आधीच्या घरी प्रत्यक्ष जाऊन चौकशी, हे सगळं करा. कॅमेरा लावणार असाल तर त्यांना सांगून लावा. आठवड्याची एक सुट्टी ठरवूनच द्या, दांड्या आपोआप कमी होतात. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर मात्र एकट्या मावशींवर दोन्ही मुलं मी ठेवणार नाही. तो बाथरूमचा प्रश्न तिथेच अडतो.

पाळणाघराबद्दल लोक एकदम टोकाचं बोलतात, पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एक, काकूंच्या टू बीएचकेमधलं, आठ-दहा मुलं, मदतीला एक-दोन बायका, दुपारी वरण-भात. दुसरं, मोठ्या चेनचं, सीसीटीव्ही अॅपवर, वयाप्रमाणे वेगळ्या खोल्या, फी बरीच जास्त आणि उशीर झाला तर तासाचे वेगळे पैसे. काकूंकडे माया जास्त पण काकू आजारी पडल्या की पाळणाघर बंद. चेनमध्ये बंद पडत नाही, पण बाळाला रोज सांभाळणारी ताई तीन महिन्यांत बदलते आणि तान्ह्याला ते जाणवतं. आम्ही आधी जिथे घातलं तिथे खोल्या चकचकीत होत्या पण मोठ्याला दुपारभर टीव्हीसमोर बसवायचे, हे त्यानेच घरी येऊन जाहिराती म्हणून दाखवल्या तेव्हा कळलं. तिथून काढून काकूंकडे घातला. आठवड्याभरात बाकीची मुलं खातात म्हणून मेथीची भाजी खायला लागला, जी घरी ताटाबाहेर फेकायचा.

बघायला जाल तेव्हा न सांगता दुपारी साडेबाराला जा, सगळ्यांची जेवणं आणि झोपा एकदम असतात, खरं तेव्हाच दिसतं. तान्ही कुठे झोपतात, पळणाऱ्या मुलांच्या वाटेत तर नाही ना, बाथरूममध्ये बादली भरलेली असते का, बाल्कनीला जाळी, स्वयंपाकघराला फाटक, हे बघा. भिंतीवरचं मिकीमाऊस सोडून द्या.

घराजवळ की ऑफिसजवळ? दूध पाजणाऱ्या आईला ऑफिसजवळचं आवडतं, मलाही तेच हवं होतं. पण मग बाळाचा रोजचा प्रवास, पावसात कर्वे रस्त्यावर रिक्षा मिळत नाही आणि गर्दीच्या वेळी बाळ कडेवर, बॅग खांद्यावर आणि मोठ्याचा हात धरून वनाज मेट्रो स्टेशनचे जिने चढणं हे मी केलंय, लिफ्टला रांग होती. त्यात बाबा हिंजवडीला, म्हणजे आणणं-सोडणं कायम आईकडेच. घराजवळ असेल तर जो आधी पोचेल तो घेऊन येतो, शेजारच्या काकू पण आणू शकतात. घराजवळचंच घ्या.

आजारपण हा पाळणाघराचा खरा खर्च. पहिल्या पावसाळ्यात मोठ्याला लागोपाठ सर्दी-ताप, मग हात-पाय-तोंडाला पुरळ, पाळणाघराने बरं होईपर्यंत आणू नका सांगितलं ते बरोबरच होतं, पण तोपर्यंत घरात धाकटीलाही झालं. म्हणजे धाकटीला घरी ठेवून तुम्ही तिला वाचवाल असं नाही, दादा सगळं घेऊन येतोच. घरी आल्या आल्या हातपाय धुणं आणि कपडे बदलणं एवढं तरी करा. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस, पावसाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

तर माझं मत विचाराल तर असं. आजी जवळ असेल आणि तब्येत बरी असेल तर मोठा अर्धा दिवस पाळणाघरात, धाकटं घरी मावशींकडे, आणि आजी फक्त लक्ष ठेवायला, उचलायला नाही. आजी नसेल तर दोघंही घराजवळच्या एकाच पाळणाघरात, शक्यतो धाकटं सहा-सात महिन्यांचं झाल्यावर, आणि मोठ्याला महिनाभर आधी एकट्याला रुळू द्या, दोघांचं रडं एकाच दिवशी सुरू करू नका. पहिले दोन दिवस तासभरच ठेवा, आणि निघताना लपून जाऊ नका, सांगून जा, भले रडू दे.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद आहे, पाळणाघरातून ताप आलाय असा फोन आला तर कोणत्या वारी कोणी निघायचं. सोमवार-बुधवार बाबा, मंगळवार-गुरुवार मी, शुक्रवारी ज्याची मीटिंग नसेल तो. हा कागद पाळणाघरात नाव घालायच्या आधी करा, कारण फोन वाजल्यावर ठरवायला बसलं की दर वेळी आईच निघते.