‘एमपी ट्रॅक’: तरुण खासदाराचं काम तपासायला कितपत पुरतं?

पहिल्यांदाच निवडून आलेला, तिशीच्या आतबाहेरचा खासदार असला की त्याच्याबद्दल दोनच मतं कानावर येतात. एक तर ‘रीलमध्ये दणकून बोलतो’, नाहीतर ‘घराण्याच्या पुण्याईवर आलाय’. दिल्लीत जाऊन त्याने नेमकं केलं काय, हे दोन्हींतून कळत नाही. ते कळायला सध्या सगळ्यात सोयीची फुकट सेवा म्हणजे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचं ‘एमपी ट्रॅक’. संस्था दिल्लीची, २००५ पासूनची, कुठल्याही पक्षाशी न बांधलेली. पान पाहायला लॉगिन लागत नाही. अधिवेशन संपल्यावर वर्तमानपत्रांत ‘कोणी किती प्रश्न विचारले’ छापाचे जे तक्ते येतात ते बहुधा इथूनच उचललेले असतात. ‘संसदरत्न’ पुरस्कारासाठीही हीच आकडेवारी धरतात, आणि मग तो आकडा चौकातल्या फ्लेक्सवर चढतो.

पान चांगलंच आहे, पण अनुक्रमणिका म्हणून. गुणपत्रिका म्हणून वाचलंत तर फसाल.

खासदाराचं नाव टाकलं की मतदारसंघ, पक्ष, वय, शिक्षण आणि सदस्यत्वाची तारीख दिसते. खाली चार आकडे असतात: हजेरी, चर्चांमधला सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली). प्रत्येकाशेजारी देशाची आणि राज्याची सरासरी. महाराष्ट्राच्या बाबतीत ही राज्याची सरासरी जरा जपून घ्यावी. प्रश्न विचारण्यात आपले खासदार मुळातच पुढे असतात, त्यामुळे राज्याच्या सरासरीखाली असलेला खासदार देशाच्या सरासरीच्या बराच वर असू शकतो. पोटनिवडणुकीतून मधेच आलेल्याची तुलना करताना सदस्यत्वाची तारीख आधी बघा. दीड वर्षाच्या कामाशेजारी पाच वर्षांचा आकडा मांडून ‘निष्क्रिय’ म्हणणारे महाभाग कमी नाहीत.

हजेरीवर फार वेळ घालवू नये. सही दिवसातून एकदा केली की दिवस भरला, मग माणूस सभागृहात दहा मिनिटं बसो की सहा तास. रोजचा भत्ता (सध्या २,५०० रुपये) या नोंदीशी जोडलेला असल्याने सही सहसा चुकत नाही. मंत्री, सभापती आणि विरोधी पक्षनेते यांना मात्र सही करावी लागत नाही, म्हणून त्यांची हजेरी पानावर नसते. रक्षा खडसे रावेरमधून २०१४ साली पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. जून २०२४ पासून त्या केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्र्याने प्रश्न विचारायचे नसतात, उत्तरं द्यायची असतात. त्यामुळे चालू लोकसभेतलं त्यांचं पान उघडून ‘शून्य प्रश्न’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पंचाच्या नावावर धावा शोधणं. त्यांचं खासदार म्हणून काम बघायचं तर १६व्या आणि १७व्या लोकसभेची पानं उघडावी लागतात. हजेरी एकदम खाली आलेली दिसली तर निलंबनही तपासा. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. आकड्याशेजारी हे कारण लिहिलेलं नसतं.

खरा ऐवज प्रश्नांत आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. कोणाचे येणार हे सोडतीवर ठरतं. एका खासदाराचे एका दिवसासाठी जास्तीत जास्त ५ प्रश्न स्वीकारले जातात, त्यात तारांकित एकच. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री उभं राहून देतो आणि ज्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात तासाभरात मोजकेच प्रश्न घेऊन होतात, उरलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात. गोंधळात तास वाहून गेला तर सगळीच लेखी. म्हणून पानावर ‘तारांकित’ दिसलं तरी खासदाराने मंत्र्याला समोरासमोर घेरलं असं गृहीत धरू नये. त्या तारखेचा प्रश्नोत्तराच्या तासाचा इतिवृत्तांत संसद डॉट इनवर मिळतो. त्यात नाव आणि पुरवणी प्रश्न सापडला तरच तो धरावा.

दुसरी गोम नावांच्या जोडणीची. एकाच विषयावर अनेकांनी प्रश्न दिला की ते एकत्र करून एकच प्रश्न छापतात आणि वर सगळ्यांची नावं देतात. मोजताना मात्र प्रत्येकाच्या खात्यात तो जमा होतो. एकाच पक्षाच्या चार-पाच जणांची नावं प्रश्नामागून प्रश्नात त्याच संचात दिसली, तर मसुदा एकाच टेबलावर तयार होतोय हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. यात गैर काही नाही, सोडतीत नंबर लागण्याची शक्यता वाढवण्याची ती जुनी रीत आहे. फक्त ‘पाचशे प्रश्न विचारणारा अभ्यासू खासदार’ असं म्हणण्याआधी त्यातले एकट्याच्या नावावर किती, हे पाहून घ्यावं. पान हा फरक करत नाही. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव.

आता प्रश्नाचा मजकूर. पानावरच्या शीर्षकावर थांबू नका, दुव्यावर जाऊन पीडीएफ उघडा. कच्चा प्रश्न लगेच ओळखू येतो: ‘सरकार अमुक योजना राबवत आहे काय, असल्यास त्याचा तपशील काय, आणि सरकारने याबाबत कोणती पावलं उचलली आहेत?’ यावर मंत्रालय योजनेची माहितीपुस्तिका चिकटवून मोकळं होतं. पक्का प्रश्न मोजमाप मागतो: गेल्या तीन वर्षांत, जिल्हावार, मंजूर किती, वितरित किती, खर्च किती, किती अर्ज प्रलंबित आणि कोणत्या टप्प्यावर. असा प्रश्न आला की उत्तरासोबत परिशिष्ट येतं, आणि स्थानिक पत्रकाराला पुढचे सहा महिने पुरेल इतका माल त्या तक्त्यात असतो. नव्या खासदाराचे पहिल्या वर्षाचे दहा आणि तिसऱ्या वर्षाचे दहा प्रश्न शेजारी ठेवले की तो शिकला की नाही, हे कुठल्याही सरासरीपेक्षा स्वच्छ दिसतं.

उत्तरात ‘माहिती संकलित केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं वाक्य असेल तर ते अधोरेखित करा. संसदेच्या हिशेबात हे आश्वासन ठरतं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पुढच्या अधिवेशनात तोच खासदार त्याच मंत्रालयाकडे त्याच विषयावर परत आला का, हे ‘एमपी ट्रॅक’च्या यादीत मंत्रालयाचं नाव धरून खाली जात राहिलं की सापडतं. परत आलेला एक प्रश्न हा सुट्या वीस प्रश्नांना भारी असतो.

तारखांचं गणित समजलं नाही तर मात्र खासदारावर अन्यायही होतो. केंद्राने कांदा निर्यातबंदी केली ८ डिसेंबर २०२३ रोजी. तेव्हाचं हिवाळी अधिवेशन ४ तारखेला सुरू होऊन २१ तारखेला संपलं. प्रश्नासाठी किमान १५ दिवसांची सूचना लागते. म्हणजे त्या बंदीवर त्या अधिवेशनात नेहमीच्या वाटेने प्रश्न येणं शक्यच नव्हतं. कांदापट्ट्यातल्या खासदाराने आवाज उठवला की नाही हे बघायचं तर शून्य प्रहर किंवा नियम ३७७ (प्रश्न न विचारता निकडीचा विषय मांडण्याच्या या दोन वाटा) खालच्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि त्या ‘चर्चा’ या रकान्यात असतात. प्रश्नांच्या यादीत कांदा नाही म्हणून आरडाओरडा करण्याआधी हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

‘चर्चा’ हा रकाना तसा सरमिसळीचा आहे. अर्थसंकल्पावरचं वीस मिनिटांचं भाषण आणि नियम ३७७ खालचं जास्तीत जास्त २५० शब्दांचं निवेदन, दोघांची किंमत इथे एक. निवेदन कित्येकदा वाचलंही जात नाही, नुसतं पटलावर ठेवलं असं मानतात. यादीत चर्चेचा प्रकार दिलेला असतो, त्यावरून सरकारी विधेयकांवरची भाषणं वेगळी काढा. विधेयकावर बोलायला पक्षाने वेळ दिला याचाच अर्थ पक्षात त्या तरुणाला वजन आहे. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो आणि नवख्याच्या वाट्याला शेवटची तीन-चार मिनिटं येतात. लहान पक्षाच्या खासदाराची भाषणं कमी दिसली तर त्यात त्याचा दोष असेलच असं नाही.

एखादा तरुण खासदार कशासाठी झगडतो हे जोखताना एकच मागणी किती वाटांनी मांडली गेली ते पाहावं. निवडणूक लढवण्याचं किमान वय घ्या. राज्यघटनेनुसार लोकसभेसाठी २५ आणि राज्यसभेसाठी ३०. राघव चड्ढा यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसभेत २५ चं वय २१ वर आणण्याची मागणी केली. त्याआधी वर्षभर, २०२३ मध्ये, संसदेच्या स्थायी समितीने तर १८ ची शिफारस केली होती. भाषणाची चित्रफीत लाखोंनी पाहिली जाते, समितीचा अहवाल शेकड्यांनीही नाही. पण घटनेचं कलम ८४ बदलायचं तर पुढचा धागा अहवाल, सरकारचं त्यावरचं उत्तर आणि विधेयक यांतूनच जातो. भाषणानंतर याच विषयावर प्रश्न, विधेयक यांपैकी काय आलं, हे ‘एमपी ट्रॅक’वर चारही रकाने उघडून बघता येतं. अशा कामाला हे पान फार उपयोगी आहे.

खासगी विधेयकांच्या आकड्याला भुलू नका. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास त्यांच्यासाठी राखलेले असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. बहुतेक मांडली जातात आणि लोकसभा विसर्जित झाली की व्यपगत होतात, म्हणजे आपोआप बाद. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन-ईमेल न घेण्याच्या हक्काचं विधेयक २०१८ मध्ये मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं, यावरून या वाटेची लांबी कळते. तरी वाट अगदीच फुकट नाही. द्रमुकचे राज्यसभा सदस्य तिरुची सिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी मंजूर केलं. लोकसभेत ते पुढे गेलं नाही, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला (तो मूळ विधेयकाइतका पुरेसा होता की नाही, हा वेगळा वाद). म्हणून संख्या सोडा आणि विधेयकाच्या शेवटी असलेलं ‘उद्देश व कारणे’ हे निवेदन वाचा. खासदाराच्या सहीचा तो मजकूर मुलाखतीपेक्षा जास्त बोलतो.

जे पानावर नाही, त्याची यादी मोठी आहे. सगळ्यात आधी मतदान. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंदच होत नाही. मतविभाजन (म्हणजे मतांची नावानिशी मोजणी) झालं तर होते. महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी झाली. आणि व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) असला तर १९८५ पासूनच्या पक्षांतरबंदीमुळे मत खासदाराचं नसून पक्षाचं असतं. ही उणीव पीआरएसची नाही, व्यवस्थेची आहे.

समित्यांचं काम मात्र मुख्य आकड्यांत यायला हवं होतं. मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. कॅमेरा नसतो, त्यामुळे तिथे पक्षाची पोपटपंची कमी आणि सचिवांची उलटतपासणी जास्त होते. अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं आणि हजर सदस्यांची नावं छापलेली असतात. एका वर्षाचे तीन-चार अहवाल उघडून नाव मोजलंत की खरी हजेरी कळते. असहमतीचं टिपण जोडलेलं असेल तर ते आधी वाचा.

खासदार निधीसाठी ‘ई-साक्षी’ हे वेगळं सरकारी संकेतस्थळ आहे. वर्षाला ५ कोटी, त्यातले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी, म्हणजे ७५ लाख आणि साडेसदतीस लाख. खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि अंमल जिल्हा प्रशासनाचा. म्हणून शिफारस, मंजूर आणि पूर्ण हे तीन आकडे वेगळे वाचा. शिफारसच कमी असेल तर खासदाराला विचारा. शिफारस भरपूर आणि पूर्ण कामं कमी असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेला. ‘खासदारांच्या प्रयत्नांतून’ असा फलक लागलेला रस्ता अनेकदा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला निघतो. निधीतून झालेल्या कामावर तसं लिहिलेली कोनशिला लावणं बंधनकारक आहे. ती नसेल आणि शंका असेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज नियोजन शाखेतच द्यावा. दिल्लीला पाठवलात तर तो हस्तांतरित होऊन इथेच येतो, मधले दिवस वाया.

भाषेची तक्रार उरतेच. पान इंग्रजीत, उत्तरांच्या पीडीएफ इंग्रजी-हिंदीत, मराठी कुठेच नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्याला किंवा बाजार समितीतल्या अडत्याला हे वापरायचं तर शेजारी कुणीतरी बसावं लागतं. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहितीही इथे शोधू नका. निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्र ‘मायनेता’ या संकेतस्थळावर आहे. तिथे एकाच व्यक्तीची दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं उघडलीत तर तुलना करताना जोडीदार आणि अवलंबितांचे रकानेही धरा. तरुण उमेदवारांच्या बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या निवडणुकीच्या मधे लग्न झालेलं असतं आणि एकूण बेरीज त्यानेच फुगलेली असते.