प्रादेशिक विकास कार्यक्रमातील धोरण सहायकाची नोकरी : एक परीक्षण

प्रादेशिक आर्थिक विकासाचे कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेत धोरण सहायक म्हणून नोकरीची सुरुवात करावी का, असे अर्थशास्त्र किंवा लोकप्रशासन शिकलेले तरुण नेहमी विचारतात. हे काम मी स्वतः केले आहे आणि आता नव्याने येणाऱ्यांकडून ते करून घेतो. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र रुजू होण्यापूर्वी प्रकल्पांच्या प्रत्यक्ष पाहणीला जायला मिळेल याची खात्री करून घ्यावी.

जाहिरातीत धोरणनिर्मितीचा उल्लेख ठळक असतो. प्रत्यक्षात बराचसा दिवस आकडेवारी जुळवण्यात, निधीच्या प्रस्तावांची छाननी करण्यात, बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यात आणि वरिष्ठांसाठी दोन पानी टिपणी तयार करण्यात जातो. याला कारकुनी समजून नाक मुरडणारे या नोकरीतले सर्वांत मोलाचे शिक्षण गमावतात, कारण पैसा कुठे जाणार हे अनेकदा एखाद्या निकषावर ठरते. युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ या कालखंडासाठीच्या धोरणात दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेला प्रदेश ‘कमी विकसित’ गणला जातो आणि ७५ ते १०० टक्क्यांमधला ‘संक्रमणातील’. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्याच्या विकासासाठी १९६५ साली स्थापन झालेला अ‍ॅपलाचियन प्रादेशिक आयोग बेरोजगारी, दरडोई बाजार उत्पन्न (सरकारी मदत वगळून मिळणारे उत्पन्न) आणि दारिद्र्याचे प्रमाण पाहून आपल्या क्षेत्रातील काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची, दरवर्षी पाच गटांत विभागणी करतो. आता शेजारच्या प्रदेशातून रोज शहरात कामाला येणाऱ्यांचा विचार करा : त्यांचे उत्पादन शहराच्या खात्यात जमा होते, पण ते स्वतः मोजले जातात आपल्या राहत्या प्रदेशाच्या लोकसंख्येत. त्यामुळे दरडोई उत्पादनाच्या तक्त्यात शहर फुगते आणि शेजार खंगलेला दिसतो. अशा निकषाला प्रश्न विचारण्याची सवय याच टेबलावर लागते.

विश्लेषणाची साधनेही येथेच हाताखालून जातात. एखाद्या प्रदेशातील १२ टक्के रोजगार वस्त्रोद्योगात आणि देशात तो वाटा ४ टक्के असेल, तर लोकेशन कोशंट, म्हणजे या दोन वाट्यांचे गुणोत्तर, ३ येतो आणि लगेच ‘येथे वस्त्रोद्योगाला चालना द्यावी’ असे वाक्य टिपणीत उतरते. वास्तविक गिरण्या एकामागून एक बंद होत असतानाही हा आकडा ३ राहू शकतो, कारण तो उद्योगाचे केंद्रीकरण सांगतो, वाढ नव्हे. वाढीसाठी शिफ्ट-शेअर पद्धतीने रोजगारातील बदलाची फोड करून देशाच्या एकूण वाढीचा, उद्योगाच्या स्थितीचा आणि त्या प्रदेशाचा स्वतःचा भाग वेगळा काढावा लागतो. हा फरक समजून केलेली एक दुरुस्ती चुकीची शिफारस थांबवू शकते, आणि ती सुचवण्याची संधी कनिष्ठालाही असते.

या नोकरीचा खरा दोष प्रगती अहवालांत आहे. ‘निर्माण झालेले रोजगार’ हा रकाना पुष्कळदा लाभार्थी उद्योगाने भरलेल्या माहितीवर अवलंबून असतो. त्यात नवे, टिकवलेले आणि अर्धवेळ रोजगार एकत्र मोजले गेले, तर संख्येला काही अर्थ उरत नाही. शिवाय अनुदान नसते तरी ही भरती झालीच असती का, हा प्रश्न बाजूला पडतो. या विसंगती सर्वांत आधी सहायकाच्या नजरेस येतात, पण अहवालाची मुदत तोंडावर असल्याने त्यांची दखल घ्यायला कोणाला सवड नसते. जो सहायक कारखान्यात जाऊन हजेरीपट पाहून आला आहे, त्याच्या शंकेला वजन येते. केवळ तक्ता पाहून काढलेली शंका सहज टोलवली जाते. म्हणूनच पाहणीची अट मला पगाराइतकीच महत्त्वाची वाटते.

नेमणूक बहुधा कंत्राटी असते आणि कार्यक्रमाच्या निधीच्या मुदतीशी बांधलेली असते. निधीचा चालू टप्पा कधी संपतो, आणि मूल्यमापन सुरू होईल तेव्हा आपण तेथे असू का, हेही मुलाखतीत स्पष्ट विचारावे.