दादरचा रविवारचा कंपोझिट मॉडेलिंगचा क्लास: जरूर करा, पण आधी हे वाचा

मी रबाळे एमआयडीसीत एफआरपीचं (रेझिनमध्ये काचेचे फायबर घालून केलेला माल, कंपोझिटचाच एक प्रकार) काम करतो, कव्हर, पॅनल वगैरे. 5 रविवार डोंबिवलीवरून दादरला गेलो, दोनदा मेगाब्लॉकमध्ये अडकलो तरी एकही लेक्चर सोडलं नाही, यावरूनच काय ते समजा.

मॉडेलिंग म्हणजे असा माल किती वाकेल, कधी तुटेल ते कॉम्प्युटरवर काढणं, पण पहिले दोन रविवार सॉफ्टवेअर उघडूच दिलं नाही. वही आणि कॅल्क्युलेटर बस. ताठपणा (ताणायला किती कठीण) बघा, काचेचा फायबर 72 गिगापास्कल, इपॉक्सी रेझिन साधारण 3, दोन्ही निम्मे-निम्मे धरले तर फायबरच्या दिशेने 37 च्या वर येतं आणि आडव्या दिशेने साध्या सूत्राने 6 पण येत नाही!! इतकी वर्षं आम्ही शीटला स्टीलसारखा सगळीकडे एकच आकडा टाकत होतो, हे तेव्हा लक्षात आलं आणि खरंच वाईट वाटलं.

मग सरांनी वीतभर चौकोनी कार्बनचा पातळ तुकडा हातात दिला, दोनच प्लाय (थर), एकाचे फायबर 0 अंशात, दुसऱ्याचे 90. ओव्हनमधून काढून थंड झाल्यावर तो पन्हळीसारखा वळलेला, अंगठ्याने दाबला की टक् करून दुसऱ्या बाजूला वळतो. एक प्लाय ज्या दिशेने जास्त आकसतो त्याच दिशेने दुसऱ्याचे फायबर त्याला अडवतात, म्हणून ही वाक. हेच दोन प्लाय आरशासारखे उलट लावून 4 केले तर तुकडा सरळ. आमचं एक मशीन कव्हर साच्यातून काढलं की कायम वाकायचं, आम्ही हार्डनरला (रेझिन घट्ट करणाऱ्या केमिकलला) दोष देत बसायचो. आतून काचेच्या मॅट आणि रोव्हिंगच्या थरांचा क्रम दोन्ही बाजूंनी सारखा केला, वाक खूप कमी झाली.

फेल्युअरचा, म्हणजे माल कधी तुटेल त्याचा, भाग पण मस्त. त्साई आणि वू या संशोधकांचं 1971 चं सूत्र सांगतं की तुटलं, पण फायबर तुटला की रेझिन फाटलं ते नाही सांगत, हाशिनचं 1980 चं ते वेगवेगळं दाखवतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेच तर हवं असतं ना.

तक्रार एकच, डेलॅमिनेशन शेवटच्या तासात उरकलं. थर सुटणं हे आमचं रोजचं दुखणं, त्याला अख्खा रविवार हवा होता. बोल्टच्या भोकाजवळ काय होतं तेही राहूनच गेलं. फी 4500, त्यात मटेरियल धरून. लॅपटॉप मात्र स्वतःचा न्या, तिथले फार स्लो आहेत, मेश (मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केली की हँग होतात.