सूट तीस हजारांची, वसुली त्रेपन्न हजारांची

एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे कर, विमा, नोंदणी धरण्याआधीच्या किमतीवर सूट मिळाली म्हणजे गाडी स्वस्तात पडली, असं मुळीच धरू नका. पाडव्याला ताई-भावजींनी पुण्यात नवी गाडी घेतली, तेव्हा हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

साडेआठ लाखांची पेट्रोल गाडी. सेल्समन म्हणाला, "मॅनेजरशी भांडून तीस हजार कमी करून आणलेत, सर." लगेच बुकिंगचे अकरा हजार भरून घेतले. हातात काय दिलं, तर पेनाने खरडलेला एक एकूण आकडा. तपशीलवार कोटेशन आलं ते डिलिव्हरी तोंडावर आल्यावर.

विमा ५२,००० रुपये! तीच कंपनी, तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झीरो डेप (भरपाईत सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं जादा कव्हर). मी ऑनलाइन पाहिलं तर ३६,०००. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा हप्ता सरकारने ठरवलेला असतो. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर जीएसटी. तो कुठेही घ्या, तेवढाच. म्हणजे फुगवाफुगवी सगळी उरलेल्या भागात. शिवाय ९,५०० रुपये 'हँडलिंग', आणि मॅट, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग असं २८,०००चं पॅकेज, जे म्हणे काढताच येत नाही. विम्यातले जास्तीचे १६,००० धरून हे झाले ५३,५००.

भावजी म्हणाले, विमा आम्ही बाहेरून काढतो. तशी मुभा ग्राहकाला आहे, शोरूमला सक्ती करता येत नाही. पण उत्तर काय आलं? "मग सूट विसरा, आणि पाडव्याला गाडी मिळेल याची खात्री नाही." घरी आईने पूजेची तयारी केलेली, पाहुण्यांना सांगून झालेलं. माणसाला अशा वेळी खिंडीत गाठायचं, याचा मला अजून संताप येतो. पैसे भरले.

त्याहून मोठा धक्का कागदपत्रं आल्यावर बसला. फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूमने दिलेल्या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आदल्या वर्षीचा ऑगस्ट! सूट मुळात जुन्या स्टॉकची होती, आणि हे कुणी तोंडातून काढलं नाही. उद्या गाडी विकताना गिऱ्हाईक हेच वर्ष बघून भाव पाडणार.

तेव्हा बुकिंगची रक्कम देण्याआधी प्रत्येक ओळीचा आकडा शिक्क्यानिशी लेखी घ्या आणि घासाघीस शेवटच्या ऑन-रोड रकमेवर, म्हणजे सगळं धरून होणाऱ्या एकूण रकमेवर करा. रोड टॅक्स घरीच काढता येतो: महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे साडेआठ लाखांवर ९३,५००. नोंदणी शुल्क ६०० रुपये. हँडलिंग दिसलं की ते कुठल्या नियमाने लावलं, हे लेखी मागा. गाडीचा चासिस नंबर आणि उत्पादनाचा महिना पूर्ण पैसे भरण्याआधी बघा, आणि गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी तपासा.

अडवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ताईने तिथे तक्रार नोंदवली आहे, सोबत कोटेशन आणि सगळ्या पावत्या जोडल्या आहेत.